चांगुणाबाईच्या घरातल्या दोन खुर्च्या

चांगुणाबाई एसटीत चढली की कंडक्टरने तोंड उघडायच्या आधीच गळ्यातली प्लास्टिकची पिशवी त्याच्यापुढे धरायची. पिशवीत आधार कार्ड असे. "वय बघ नि पुढं जा," असं म्हणून ती पहिल्या बाकावर खिडकीपाशी बसायची, आणि अशी बसायची की गाडी जणू तिच्याचसाठी डेपोतून काढली आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट झाल्यापासून आठवड्यातून एकदा, काम असो वा नसो, ती म्हशाहून मुरबाडला यायची.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच गाडीत. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरून मी परत येत होते. आमच्या बाजूच्या बाकावर भाताच्या गिरणीचे एक मालक बसले होते. बोटात अंगठ्या, मांडीवर चामड्याची बॅग. त्यांनीही कार्ड दाखवलं आणि फुकट तिकीट घेतलं. मला राहवलं नाही. शेजारी बसलेल्या या अनोळखी बाईला मी हळूच म्हटलं, "यांना कशाला फुकट? यांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझी इस्त्रीची साडी, चष्मा, पर्स, सगळं. मग म्हणाली, "असू दे ना बाय. तो बी उतरंल, मी बी उतरेन. कोनाचं काय गेलं? आज त्याला इचारतील का तुझ्याकडं किती हाय, तर उद्या मला बी इचारतील."

मीरा, मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस की कॉलेजात तुम्हाला निबंध लिहायचा आहे, वृद्धांना सरकारी मदत सरसकट द्यावी की उत्पन्न पाहून. "उत्पन्न पाहूनच द्यावी ना, आजी? श्रीमंतांना कशाला?" तुझ्या भावाने, ईशाननेही मागून हो म्हटलं. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. सदतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी प्रत्येक गोष्ट वहीत रकाने आखून लिहीत आले, आणि नियम नीट आखला की न्याय आपोआप होतो असं मला मनापासून वाटत होतं. फोनवर मी तुला उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. तुझा नव्हे. आता शांत बसून लिहिते आहे, पण राग गेलेला नाही.

त्या दिवसापासून आमची ओळख झाली. पावसाळ्यात ती मुरबाडला माझ्या घरी शेवळं नाहीतर कंटोळी अशी रानभाजी घेऊन यायची. पैसे पुढे केले तर म्हणायची, "रानात मी पेरलीत का?" मी चहा करी. तो तिला कधी आवडला नाही. "शिकलेल्या मानसांचा चा पानचट," असं म्हणून ती स्वतःच डबा उघडून दोन चमचे साखर वाढवून घ्यायची. नवरा लवकर गेलेला. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात भात लावण्यात आणि कापण्यात गेलेलं. एकुलता मुलगा काळू शहापूरकडे, भातसानगरला ठेकेदाराकडे रखवालदार होता. बायकामुलांसह तिकडेच राहायचा, सणाला आणि कापणीला घरी यायचा.

चांगुणाबाईला सरकारकडून निराधार वृद्धांची पेन्शन मिळायची. रक्कम सांगत नाही, ऐकून तुम्हाला ती रोजची वाटेल, आणि ती महिन्याची होती. पण तिच्या बोलण्यात त्या पेन्शनीला फार मोठी जागा होती. मी म्हशाजवळच्या पाड्यावर तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने चहा दिला आणि म्हणाली, "पी. माझ्या साखरंचा हाय." मला कळलं नाही. तिने समजावलं, "सुनेनं धाडलेल्या साखरंचा चा पाजायचा म्हंजे मनात येतं, सरली तर काय म्हनंल. ही माझी साखर. म्हातारीच्या घरी आलेला मानूस म्हातारीचाच चा पिऊन जातो." तिला पेन्शन हवी होती ती एवढ्यासाठी. घरी येणाऱ्याला स्वतःचा चहा देता यावा यासाठी.

मग एका वर्षी सगळ्यांची फेरतपासणी निघाली. उत्पन्नाचा दाखला नव्याने द्या, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे का ते पाहायला माणूस घरी येईल. चांगुणाबाई कागद घेऊन माझ्याकडे आली. मला बरंच वाटलं. हे माझ्या हातचं काम होतं. मी अर्ज लिहिला, कागद क्रमाने लावले, फाइल केली. आणि पुढे जे केलं ते आजही मला झोपेतून उठवतं.

मला वाटलं, सरकारी माणूस येणार, त्याला लिहायला टेकायला काही हवं. तिच्या घरात बसायला गोणपाट होतं. माझ्याकडच्या दोन खुर्च्या, छोटं टेबल आणि काचेचे चार कप मी म्हशाकडे जाणाऱ्या जीपच्या टपावर टाकून पाठवले. तिने घर सारवलं, माझा टेबलक्लॉथ अंथरला, शेजारणीचा टेबलफॅन मागून आणला आणि कोंबडा कापला. तिच्याकडे घरी येणाऱ्या मोठ्या माणसाचा मान असाच होतो, मागून आणून, पण पुरता होतो. चौकशीचा माणूस खुर्चीवर बसला, पंख्याचा वारा घेतला, जेवला, आणि त्याने कागदावर लिहिलं: मुलगा नोकरीस. घरात फर्निचर, पंखा, काचेची भांडी. राहणीमान बरे.

दोन महिन्यांनी पेन्शन बंद झाली.

मी तिला घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने फाइल काढून वाचली. मी त्याला सांगितलं की खुर्च्या माझ्या, कप माझे, पंखा शेजारणीचा. तो हसला. "मॅडम, शेजारणीचा पंखा सगळेच सांगतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक मार्ग आहे. मुलगा सांभाळत नाही, टाकून दिलंय, असं प्रतिज्ञापत्र करा. त्याचं उत्पन्न धरणार नाहीत. सगळे करतात."

मला तो मार्ग व्यवहारी वाटला, हे कबूल करते. चांगुणाबाईने विचारलं, "त्यात काय लिव्हायचं?" त्याने पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "काळू कमी देतो, पन टाकलं नाय त्यानं मला. मी अंगठा द्यायचा का माझा पोर नालायक म्हनून? नि तो कागद तुमी ठेवनार. कवा त्यानं वाचला तर?"

"आजी, कोण वाचतंय," कारकून म्हणाला.

"मी वाचलेला असंल ना," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. त्याच्या खिडकीमागे कोणीतरी हसलं. ती हसली नाही.

मी वरच्या साहेबांपर्यंत गेले. माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणून फेरचौकशी मिळाली. इतरांना ती मिळत नाही, हेही निबंधात लिही.

या वेळी मी आदल्या दिवशीच पाड्यावर गेले. खुर्च्या तिने कधीच परत पाठवल्या होत्या. मी तिला सगळं पढवलं. गोणपाट अंथर. भांडी आत ठेव. काही विचारलं तर एकच वेळ जेवते म्हणून सांग. चहाचं नाव काढू नकोस. ती मान डोलावत होती. मी, जी मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करायची, एका ऐंशीच्या घरातल्या बाईला भिकारी कसं दिसायचं ते शिकवत होते.

भर दुपारी मोटरसायकलवरून तोच माणूस आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. गोणपाटावर बसला, कागद काढला, प्रश्न विचारू लागला. चांगुणाबाईने दोन उत्तरं नीट दिली. तिसऱ्याला ती उठून आत गेली. मी डोळ्यांनी खुणावत राहिले. आतून चूल फुंकल्याचा आवाज आला, मग मागल्या दाराने बाहेर जाऊन ती शेजारणीकडून काहीतरी घेऊन आली. बाहेर आली ती स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन, आणि थाळीत तांदळाची भाकरी आणि सुकट. "खाऊन घे रे बाबा. ऊन लागलंय तुला," ती त्याला म्हणाली.

तो माझ्याकडे पाहून अवघडला. पण भुकेला होता. सगळं खाल्लं. मग त्याने लिहिलं, आणि परीक्षेच्या वर्गात फिरण्याची सवय असल्यामुळे मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: खाण्यापिण्याची आबाळ दिसत नाही.

"तुम्हाला लाज वाटते का?" मी त्याला विचारलं.

"मॅडम, रकाना आहे," तो म्हणाला. "दिसतं ते लिहायचं. न दिसलेलं लिहिलं तर माझी चौकशी लागते. आजी चांगल्या आहेत हो, पण त्याचा रकाना नाही." तो वाईट माणूस नव्हता. जाताना तिच्या पाया पडला. म्हणूनच माझा राग त्याच्यावर ठरत नाही, आणि कुठेच ठरत नाही.

तो गेल्यावर मी तिच्यावर संतापले. इतकं सांगितलं होतं, एक तास गप्प बसवलं नाही का? ती थाळी घासत होती. "दुपारचा आलेला मानूस. तोंड सुकलेलं त्याचं. त्याला उपाशी धाडून पेन्शन घेतली, तर त्या पेन्शनीच्या साखरंचा चा कोनाला पाजू?" मग वर न पाहता म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला जमतं हे."

मीरा, उत्पन्न पाहून द्या म्हणणाऱ्यांना वाटतं की गरिबी मोजता येते. कारखान्यात पगार मिळणाऱ्याची मोजता येत असेल. चांगुणाबाईच्या पाड्यावर ती फक्त दाखवता येते, आणि ज्याला ती चारचौघांत मांडायला लाज वाटत नाही त्याला मिळते. जो घर सारवतो, पोराची अब्रू राखतो, आलेल्याला भाकरी देतो, तो नापास. त्या गिरणीवाल्यालाही द्या पेन्शन. त्याच्या करातून परत घ्या. त्याच्याकडे हिशेबनीस आहे, त्याला कागद कळतात. त्याला वगळण्यासाठी चांगुणाबाईची भांडी का तपासायची? गाडीत तिने मला हेच सांगितलं होतं, आणि मी तिला अडाणी समजून हसले होते.

पेन्शन परत सुरू झाली नाही. ती मुरबाडला येत राहिली, कारण एसटी अजून वयच विचारत होती. पण माझ्याकडे आली तर पायरीवर बसायची. चहा केला तर "नको बाय, सोडला," म्हणायची. मला वाटलं, साखरेचा आजार असेल. म्हशाची जत्रा झाल्यावर मी पाड्यावर गेले तेव्हा ती दारातच उभी राहिली. नेहमी हात धरून आत ओढणारी बाई चौकट अडवून उभी होती. म्हणाली, "आत नको येऊ गो. घरात चा नाय." आम्ही दोघी अंगणात उन्हात बसलो. ती पहिल्यांदाच माझ्याशी परक्यासारखी वागली.

होळीच्या आधी ती गेली. काळूने भातसानगरहून फोन केला. दिवसकार्याला त्याने पाड्याला जेवण घातलं, आणि बसायला मंडपवाल्याच्या खुर्च्या आणल्या होत्या. मी उभीच राहिले.

माझी पेन्शन दर महिन्याला वेळेवर येते. तू म्हणशील, आजी, ती तू नोकरी करून मिळवलीस. मी सदतीस वर्षं पंख्याखाली उभी राहून शिकवलं. ती त्याहून जास्त वर्षं चिखलात वाकून भात लावत होती, आणि तो भात मी खाल्ला. मला वर्षातून एकदा फक्त जिवंत असल्याचं कळवावं लागतं. ते मी घरबसल्या करते, चहा पीत, त्याच दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून. माझ्या घरात अशा सहा खुर्च्या आहेत. त्या मोजायला आजवर कोणी आलेलं नाही.