दोघांच्याही रक्तात

स्पिरिटचा वास आला की मला खामगावची ती लॅब आठवते. आमचं लग्न ठरलं होतं आणि आम्ही दोघं रक्ताचा रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून माझं रक्त दाखवलं. फिकट पेशी आणि काहींच्या मधोमध लाल ठिपका, नेमबाजीच्या चकतीवर असतो तसा. "या टार्गेट सेल. दोघांमध्येही थॅलेसेमियाचा, या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, अंश आहे. तुम्हाला त्रास नाही, पण बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं." "मंग लग्न?" त्यानं विचारलं. "ते तुम्हीच ठरवा." स्टँडवर त्यानं मला धाडच्या, माझ्या गावच्या, गाडीत खिडकीजवळ जागा धरून दिली. "पोचल्यावर फोन करजो." मी केला. तो एवढंच म्हणाला, "जेवून घे." पुन्हा आम्ही बोललो नाही. हल्ली मी बुलढाण्यात एकटीच राहते; त्यानंतर कुणासोबत रक्त तपासायला जावंसं वाटलंच नाही.