डब्ब्यातलं तांदळाचं पीठ

हे मी कोणाले सांगितलं नाई. गोंदियाले दिलेली माही पोरगी मंदा, तिलेबी नाई. चितेपाशी उभा होतो तवा तोंडापर्यंत आलतं, गिळून टाकलं. चौथी शिकलेला माणूस मी, लिहाची सवय नाई. पण आता घरात ऐकाले कोणी राह्यलं नाई. तू वाचून राह्यला ना, भाऊ? मंग बस जरा.

पारबता, माही बायको, मागच्या पावसाळ्यात ओसरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बालाघाटले ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे, हाड जुळते, पण म्हातारं माणूस खाटेवर पडलं का पायाचं मांस झडते. डाळ, दूध, अंडे द्या, अन् रोज दोन पावलं चालवा. अंड्याच्या वासानंच तिले ओकारी ये. म्हणून मंदा दर महिन्याले ताकदीच्या पावडरचा डब्बा धाडे. सकाळी दोन चमचे, सांजेले दोन, कोमट दुधात. घोळून द्याचं काम माहं.

तिची एकच आस होती. परसात तिनं लावलेला मुनगा आहे, शेवगा म्हणता ना तुम्ही, तो; मागच्या दारापासून वीस पावलं. तिथवर आपल्या पायानं जायचं. बस. पह्यला डब्बा संपता संपता ती काठी धरून मागच्या दारापर्यंत आलती. चौकटीले धरून उभी राह्यली अन् मुनग्याकडे पाहून हासली — पोरीवानी. ते हासणं मले आताबी दिसते. धुकं असलं का जास्तच दिसते.

धुक्याचंच सांगतो. धान कापून झाले होते, अन् बांध्यांवर सकाळी असं पांढरं धुकं उतरे का आपले पायसुद्धा दिसत नसत. त्या धुक्यात मी धावत होतो. हौ, सत्तरीचा मी. जवानीत कबड्डी खेळलेला. कटंगीच्या मैदानावर बुजुर्गांची दौड होणार होती, साठीच्या वरच्यांची, अन् माह्या डोक्यात भूत शिरलं. धावताना जमीन लागत नसे पायाले. वाटे, मी विशीतला आहे, पारबता विहिरीवर उभी आहे, अन् पाहून राह्यली माह्याकडे. सांग, म्हाताऱ्याले असं सपन पडावं काहून?

शाळेतला खेळाचा मास्तर एकदा पाहत उभा होता. म्हणे, "दादाजी, दम तो है, पर टांगों में मांस नहीं. भात से ताकत नहीं बनेगी. इस उमर में प्रोटीन चाहिए."

म्हणजे मले ठाऊक होतं. हे ध्यानात ठेव, भाऊ. भातानं मांस बनत नाई हे मले माणसानं तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचं दूध घोळलं, अन् दोन चमचे माह्या गिलासात टाकले. मंग चार. मंग डब्बा लवकर उतराले लागला, अन् मंदा विचारीन म्हणून — आता लिहितोच — मी तांदळाचं पीठ तव्यावर भाजलं, साखर मिसळली, वास लपवाले इलायची कुटून टाकली, अन् डब्ब्यात भरलं. खरी पावडर फडताळात, माह्या बनियनच्या मागं. पांढरं ते पांढरं. कोणाले कळते?

पह्यल्या घोटाले ती थांबली. "आज इलायची कशी जी?"

"कंपनीनं नवीन काढला," मी म्हटलं.

"अगं बाई! कंपनीलेबी माही आवड समजली म्हणा." अन् पिऊन घेतलं सारं.

महिनाभर प्याली. मागच्या दारापर्यंत येणारी बाई चुलीपर्यंत येऊन थांबाले लागली, मंग खाटेच्या काठावर. पिंडऱ्या काडीवानी झाल्या. मी तेल लावून देत होतो त्यायले. माह्या मांड्या मात्र भरल्या होत्या. एकाच हातानं दोन्ही चाचपले मी, भाऊ. फरक हाताले कळते.

दौडीत दुसरा आलो. लोकायनं खांद्यावर घेतलं. बिल्ला आणून तिच्या गळ्यात घातला, तं तिनं तो उलटापालटा करून पाह्यला. म्हणे, "पाय चांगले आहेत तुमचे. मुनग्याले फूल आलं का, पाहून या."

त्या दिवसापासून खरी पावडर देत होतो. पण तवा तिच्यानं अर्धा गिलासबी जात नव्हता. मोहाची फुलं पडाले लागली अन् ती गेली. डॉक्टर म्हणे, वय झालं होतं. मंदा माह्या गळ्यात पडून म्हणे, "बाबा, तुम्ही लय केलं मायचं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राह्यलो.

आता सपनात ती धुक्यातून चालते. काठी नाई हातात. मुनग्याची फुलं तिच्या डोक्यावर पडतात, अन् मी मोजतो — अठरा, एकोणीस. विसावं पाऊल दिसत नाई. डोळा उघडते.

पण खरं सांगायचं ते अजून राह्यलंच आहे.

दौडीच्या आठ दिवस आधी मंदा आलती. मायचे पाय पाहून घाबरली. "माय, पावडर घेतं ना रोज?"

पारबतानं माह्याकडे पाह्यलं. रागानं नाई. जशी जेवताना पाहे, आणखी भात वाढू का म्हणून, तशी. मंग म्हणे, "घेतो ना, बाई. तुहे बाबा रोज देतेत. इलायची टाकून."

कंपनीचं नाव नाई घेतलं तिनं. तिले ठाऊक होतं. कवापासून, माहीत नाई. मंदाले काही समजलं नाई, ती गेली चहा ठेवाले. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तवाच तिचे पाय धरू शकत होतो. फडताळ तीन हातांवर होतं.

दौडीले आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी मंदाची बस गेली, अन् मी घरी येऊन तवा चुलीवर ठेवला अन् तांदळाचं पीठ भाजलं.