पुसलेला अंगठा

"मावशी, मशीन म्हणतंय तुम्ही हयातच नाही!"

कारकुनाच्या या बोलण्यावर बँकेत हशा पिकला. मावशी सगळ्यांत मोठ्याने हसल्या. "मग लोकांची भांडी काय माझं भूत घासतंय?"

रांग हयातीच्या दाखल्याची होती; मी मावशींच्या सोबतीला आले होते. त्यांच्या पुढच्या निवृत्त प्राध्यापकांचा अंगठा पहिल्याच फटक्यात उमटला. मावशींच्या रेषा मात्र राखेने, साबणाने कधीच धुऊन नेलेल्या. पेन्शन जितकी मोठी तितका अंगठा ठळक, असं मला वाटून गेलं. मावशींची पेन्शन इवलीशी, आणि दाखल्यावाचून तीही थांबणार.

"पुढच्या आठवड्यात बघू," कारकून म्हणाला. मावशींनी पिशवी उचलली.

मागच्या टेबलावर डोळ्यांवरून ओळख पटवणारं मशीन धूळ खात होतं. अनोळखी लोकांत माझं मराठी अडखळतं. तरी मी म्हणाले, "सर, ते मशीन लावा ना. मावशींचे डोळे बघा, किती जिवंत आहेत!"