गळ्यावर वस्तरा असताना

शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या सलूनमध्ये मी एकदाच दाढीला बसलो. बसताच दाढी करणाऱ्या माणसानं माझा मोबाइल आरशाखाली ठेवायला लावला. मला रागच आला.

"वाजला की मान हलती, आन् वस्तरा माझ्या हातात असतो," तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्याच्याच खिशातला फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. वस्तरा माझ्या गळ्यावरून सावकाश फिरत राहिला.

"घ्या ना मामा, मी थांबतो."

"हलू नका."

दुसरा गाल झाला, तुरटी फिरली, वस्तरा मिटला. मगच त्यानं फोन लावला, ऐकला आणि बाकावर बसला.

"वडील गेले. दवाखान्यात व्हते. पयल्या रिंगलाच कळलं व्हतं मला."

मी हबकून गळा चाचपला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.