काडेपेटीवाले मामा

"आधी जाळून बघू," म्हणत ते खिशातून काडेपेटी काढायचे. विडी त्यांनी जन्मात ओढली नाही, पण काडेपेटी कायम जवळ.

लातुरात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून कापडाचं दुकान आहे. तिथे ते सुटाचं कापड दाखवायला बसत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. लोकरीचं म्हणून कुणी कापड आणलं की मामा एक धागा उपसून काडी लावत. जळक्या केसांचा वास आला तर लोकर. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला, तर तो मणी व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरून विचारत, "ही मेंढी कुठं चरती म्हणं?"

एकदा औशाची लग्नाची मंडळी काठावर इंग्रजी अक्षरं विणलेलं कापड घेऊन आली. विलायतेतल्या नामी गिरणीचं. मामांनी हातही लावला नाही. "ती गिरणी बंद पडून जमाना झाला. नाव तेवढं इकलं. आता कोन बी कशावर बी तेच नाव इनून राहिलंय."

सोलापूरच्या पुढे न गेलेल्या माणसाला त्या गिरणीचा सगळा इतिहास पाठ होता. नदीकाठची पाणचक्की, मेंढ्या, धुकं, सगळं. त्यांच्या वडिलांनी सांगितलेला. मामांच्या लग्नात वडिलांनी हैदराबादेहून त्याच गिरणीच्या कापडाचा करडा कोट शिवून आणला होता.

"मामा, त्याला लावायची का काडी?" मी मुद्दाम डिवचायचो.

"बापावर शक घेत न्हाईत," ते तुटकपणे म्हणत.

मला रागच यायचा. सगळ्या जगाला काडी, आणि स्वतःच्या कोटाला माफी!

गेल्या वर्षी मामा गेले. थंडीच्या तोंडावर त्यांची मुलगी तोच कोट घेऊन आली. ती किनवटकडे आश्रमशाळेत शिकवते.

"काका, माझ्या मापाचा करून द्या. तिकडं गारठा लई हाय."

मी तिच्यासमोरच अस्तर उसवायला घेतलं. खालच्या बाजूचे चार टाके शिंप्याचे नव्हते, वेडेवाकडे होते. ते सोडवले. आत कापडाची कड बोटभर जळलेली. चाचपून पाहिलं, तर कडक, काळे मणी.

म्हणजे मामांनी कधीच काडी लावून पाहिली होती, आणि गुपचूप शिवून टाकलं होतं. माझ्या डिवचण्याची मला फार लाज वाटली.

"आप्पा कुनाला काडी लावू देत नव्हते," ती वडिलांबद्दल म्हणाली. "पण खरंच इलायती हाय ना, काका?"

मी जळकी कड कात्रीने कापून मुठीत घेतली.

"हाव, पोरी. अस्सल हाय."