दही आंबट होण्याआधी

दिवाणी कोर्टाचा निकाल लागला, आमचे हे आणि थोरले दीर, दोघांना वावर निम्मं-निम्मं. आमच्या ह्यांनी गावभर गूळ वाटला आणि मृग लागताच आम्ही विहिरीकडच्या अर्ध्यात कापूस पेरून मोकळे झालो! निम्मं कोणतं, हे कोर्टाने सांगितलंच नव्हतं. ते मामलेदार कचेरीने ठरवायचं असतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मीच पुढे होऊन पेरलं होतं.

कचेरीचा मोजणीदार आला तो बोंडं फुटल्यावर. साखळी ओढली, दगड रोवले आणि विहिरीकडची बाजू थोरल्या दिरांच्या वाट्याला लिहून गेला. आमचा उभा कापूस त्यांच्या हद्दीत! आमच्या वाट्याचं वावर पडीक. आता वर्षभर खायचं काय? ह्यांनी तर अंथरूणच धरलं.

आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या आधी सीतादही करतात. घरची बाई पिकाला दहीभात वाहते आणि पहिली बोंडं वेचते. एकत्र होतो तेव्हा हा मान थोरल्या जाऊबाईंचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर जाऊबाई दह्याचं मडकं घेऊन माझ्या कापसात उभ्या! थोरले दीर लांब बांधावर, आमच्याकडे पाठ करून.

माझं डोकंच फिरलं. जिला मी सात वर्षं आईसारखं मानलं, तिला काय काय बोलले! आयतं खायला आलात, माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढता, लाज नाही वाटत? आज आठवलं तरी जीभ चावते. माझा दम संपला तेव्हा जाऊबाईंनी विचारलं,

"बोलनं व्हयी गयं का? मंग टाक दही. आंबट व्हई ऱ्हायनं."

मडकं माझ्या हातात दिलं. "पेरं तू, तं येचशी बी तूच. तुन्हा जेठनीच धाडं माले."

म्हणजे थोरल्या दिरांनीच त्यांना पाठवलं होतं! मला रडू आवरेना. दही वाहिलं ते अर्धं माझ्याच लुगड्यावर सांडलं. बाईंनी पदर खोचून ओटी बांधली, दिवसभर माझ्या शेजारच्या ओळीत वेचलं आणि संध्याकाळी आपली ओटी माझ्या ढिगात रिकामी केली.