नवरीच्या गावचा दगड

तुम्हाला सांगतेय ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, सांगितलंच नाही. आता ती नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, ती वहिनी अजून अकोल्यात आहे आणि दर दिवाळीला माझ्यासाठी अनारसे पाठवते.

गाडीपासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

बाबांची अकोल्यात कापसाची जिनिंग होती. त्यांनी हौसेने एक जुनी विलायती गाडी घेतली होती — उघड्या टपाची, लांबलचक, आत लाकडी सांगाडा आणि वर हातोडीने ठोकून आकार दिलेला पत्रा. साच्यातून काढलेली नव्हे. इंग्लंडातल्या कारागिरांनी हाताने बांधलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक. आम्हा भावंडांना ताप आला तर बाबा डॉक्टरला फोन लावत. गाडी खोकली तर स्वतः ताटावरून उठत. दादाला त्यांनी ती चालवायला शिकवली. मला? मला पुसायला फडकं दिलं. "पोरीचं काम नोहे ते," एवढंच. मला भयंकर राग यायचा.

दादाचं लग्न भातकुलीच्या मुलीशी ठरलं. सून याच गाडीतून घरी आणायची, हे तर बाबांनी मुलगी पाहायच्या आधीच ठरवलेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवून लवंडले होते. गाडीची किल्ली देवघरात, देवांच्या शेजारी असायची. ती मी उचलली. जिनिंगच्या मागच्या आवारात एक चक्कर — एकच. सरकीच्या ढिगापाशी वळले आणि खालून दणका बसला. दगड होता. गाडी बसकी, मला तो दिसलाच नाही.

गाडी चालत होती. मग झालं काय? शेडमध्ये लावली. संध्याकाळी पाहते तर फरशीवर तेलाचे थेंब. मी कापसाच्या बोळ्याने ते पुसले. छान पुसले — पुसायला तर मला शिकवलंच होतं.

तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि नवरी जीपमधून आली असती. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाडी भातकुलीला पोचली. परतताना बडनेरा मागे पडलं आणि ती थांबली. तेलाचा काटा कधीचाच बंद. सगळं तेल गळून इंजिन जाम झालं तरी कुणाला कळलं नव्हतं. वहिनी मुंडावळ्या बांधून भर उन्हात उघड्या गाडीत बसलेली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बडनेऱ्याहून आणलेल्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं. "तेलाच्या चेंबरले भेग गेली. कुठीतरी दगड लागला असन."

मोठी आत्या म्हणाली, "इतके वर्स नाई थांबली. आजच काहून?"

इथवर सांगायला मला फार जड गेलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. घरात अजून सगळे म्हणतात, ते पायगुणाचं आत्यानेच काढलं. आत्याने नाही — मी. दगड म्हटल्याबरोबर वाटलं, आता कुणीतरी माझ्याकडे बघणार. आणि मी म्हणाले, "भातकुलीचाच दगड असन, आत्या. नव्या वहिनीचा पायगुण, अजून काय!" हसत म्हणाले, थट्टेत. वहिनीने ऐकलं. तिने मान खाली घातली आणि मेंदी लावलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

थट्टा माझी होती; आत्याने ती खरी केली आणि मी करू दिली.

इंजिन पुन्हा सुरू झालं नाही. अशा गाडीचा भाग कुठल्या दुकानात मिळणार? ताडपत्रीखाली ती उभी राहिली, वहिनीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. बाबा सुनेला कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त हंगाम सुरू होताना जिनिंगच्या पूजेला तिला कधी बोलावलं नाही. पुढे बाबांनी ती गाडी ट्रकवर चढवून विकून टाकली, त्या दिवशी वहिनी दाराबाहेर आली नाही. दादाने ट्रॅक्टर आणला तेव्हाही नाही. तिला ते सांगावं लागत नसे.

आणि मी? लग्न होऊन अमरावतीला आले. माझी दोन्ही बाळंतपणं वहिनीने केली. पहाटे माझ्यासाठी पाणी तापवताना तिला एकदा तरी सांगता आलं असतं. मी डिंकाचे लाडू खाल्ले.

मागच्या महिन्यात माझ्या मुलाने गाडी घेतली. वहिनी मुद्दाम अकोल्याहून आली होती. पोरगं म्हणालं, "मामी, पूजा तुमीच करा." मी हळदकुंकवाचं ताट तिच्या हातात दिलं. मनात म्हटलं, आज हिच्या हातून होऊ दे — जणू त्याने फिटणार होतं! ती दोन पावलं मागे सरली.

"नाई वो ताई," ती म्हणाली, "माया पाय गाडीले चांगला नाई. लेकराची गाडी हाये. तुमीच करा."

सगळे होते तिथे. दादा होता. माझं तोंड उघडलंही होतं. त्या वेळी मी पोर होते, असं म्हणता येईल; आता माझे केस पिकलेत.

मी तिच्या हातातून ताट घेतलं. गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. लिंबावरून चाक गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या — फाटकाच्या आत, पायरीवर उभी राहून.